माजलगावला अडकलेला बिल्ला

"बीडला? ते कशाला?" निघण्याआधी आमच्या साताऱ्यातल्या निम्म्या ओळखीच्या लोकांनी मला हे विचारलं. मी गोव्याला किंवा काश्मीरला निघाले असते तर कुणी अवाक्षर काढलं नसतं. "एक पदक बघायला चालले आहे," असं सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. कुणाच्या तरी आजारपणाची किंवा सोयरिकीची बातमी मिळेल या आशेनं त्यानं विचारलेलं असायचं.

तर आधी माझ्या वेडाबद्दल. तीस वर्षं मी चष्म्याचं दुकान चालवलं. दुकान विकलं, पण बारीक वस्तू भिंगाखाली धरून बघायची सवय गेली नाही. जुन्या काळी एका राजाचे वकील, म्हणजे दूत, दुसऱ्या राजाच्या दरबारी गेले की त्या भेटीची आठवण म्हणून यजमान राजा चांदीची पदकं पाडून घ्यायचा. एका बाजूला स्वतःचं नाक, दुसऱ्या बाजूला वाकलेले पाहुणे. मी अशीच पदकं जमवते. फक्त चांदीची आणि फक्त वकिलातींची. लढायांची, राज्याभिषेकाची, राण्यांच्या वाढदिवसाची पदकं कुणी फुकट दिली तरी मला नकोत. माणसं भांडायला गेली याची पदकं ढिगानं सापडतात. बोलायला गेली याची कमी, आणि माझा जीव त्यातच अडकलेला.

माझी मैत्रीण शैलजा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती, आता निवृत्त आहे. तिनं एका सकाळी मोबाइलवर एक फोटो पाठवला. जुना आणि हललेला, पण त्यातल्या तीन टोकदार टोप्या मी लगेच ओळखल्या. सयाम, म्हणजे आजचं थायलंड. तिथले तीन वकील सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजाला भेटायला गेले होते, त्याचं ते पदक. गेली अकरा वर्षं मी ते शोधत होते. पुढे टांकसाळीनं त्याच्या नकला काढल्या, त्या मिळतात. अस्सल मी फक्त पुस्तकातल्या चित्रांत पाहिलेलं.

"हे कुठं बघितलंस?" मी फोनवर जवळजवळ ओरडलेच.

"वॉर्डात," शैलजा म्हणाली. "एक पेशंट बापाशी बोलत नव्हता. गावाकडून एक माणूस आला, ही चकती तांब्यात टाकून त्याला पाणी पाजलं आणि बापलेक दोघं रडायला लागले. मला गंमत वाटली म्हणून फोटो काढला होता."

तिसऱ्या दिवशी मी गाडी काढली.

अंबाजोगाई

बार्शी, कळंब करत पोचायला संध्याकाळ झाली. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, फक्त कळंबच्या पुढं चहाला थांबले तेव्हा एका शेळीनं उघड्या खिडकीतून मान घालून माझ्या वहीतली व्हिएन्नाच्या पदकांच्या नोंदींची तीन पानं खाल्ली. मालकीण धावत आली आणि मला धीर देत म्हणाली, "राहू द्या बाई, कागद पचतो तिला." माझ्या वहीची चौकशी काही तिनं केली नाही.

शैलजाकडं सकाळी सुशीला खाल्ला. हे माणसाचं नाव नसून पदार्थाचं आहे. मुरमुरे भिजवून पिळायचे आणि पोह्यांसारखी फोडणी द्यायची, वर दाण्याचा कूट. आमच्याकडं चुरमुरे भिजले की टाकून देतात आणि नवऱ्याला बोलतात. इथं मुद्दाम भिजवतात आणि पाहुण्याला दोनदा वाढतात. मी तिसऱ्यांदा मागून घेतला.

केजच्या पुढचं गाव

चकतीच्या मालकाचा पत्ता शैलजानं त्या जुन्या पेशंटकडून काढून दिला होता, पण गावाचं नाव मी सांगणार नाही. पदकं जमवणाऱ्यांची जात मला ठाऊक आहे, मी त्यातलीच. उद्या तिथं रांग लागायची.

जानेवारीचे दिवस. निम्म्या घरांना कुलपं होती, कारण ऊसतोडीला गेलेली माणसं पार उन्हाळ्यात परततात. उरलेल्या निम्म्या गावानं माझी गाडी कुठं चालली ते कट्ट्यावर बसून पाहिलं. नामदेवराव ओसरीवर तुरी पाखडत होते. साठीचा माणूस, अंगात स्वेटर, डोळ्यांवर माझ्या अंदाजानं दोन नंबर कमी पडणारा चष्मा.

"कुठून यायलाव?" त्यांनी विचारलं.

मी साताऱ्यापासून सयामपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि बायकोला हाक मारली, "अगं सरू, च्या टाक. ताई बिल्ला बघाया आल्यात."

बिल्ला! माझ्या अकरा वर्षांच्या ध्यासाला या घरात बिल्ला म्हणत होते.

"हाय का?" मी विचारलं. दोन मिनिटांत माझी भाषा घसरली होती.

"हाय. पर हितं न्हाई."

मग चहाच्या तीन फेऱ्यांत त्यांनी मला बिल्ल्याची कथा सांगितली. त्यांच्या खापरपणज्याला घोड्यांची पारख होती. निजामाच्या पदरी ज्या फ्रेंच पलटणी होत्या, त्यातल्या कुणा साहेबाचा घोडा त्यानं बरा केला, आणि साहेबानं गळ्यातला हा बिल्ला काढून दिला. याला पुरावा काही नाही, पण माझ्याकडं याहून बरी कथाही नाही. साहेबाचा बिल्ला छातीवर असलेल्या माणसाला कुणी हात लावत नसे. तेव्हा भाऊबंदकीत किंवा दोन गावांत वाकडं आलं की निरोप घेऊन यालाच पाठवू लागले. तो गेला, बिल्ला उरला, आणि बिल्ल्याभोवती नियम तयार झाले.

नियम असे. ज्याची चूक, त्यानं तिऱ्हाइताच्या हाती बिल्ला पाठवायचा. आलेल्या माणसाला वाकडं बोलायचं नाही. बिल्ला पाण्याच्या तांब्यात टाकायचा. समोरच्यानं ते पाणी प्यायलं तर राग सोडला असं समजायचं, नाही प्यायलं तर बिल्ला त्याच दिवशी परत. आणि जो प्यायला, त्यानं स्वतःच्या पायानं येऊन बिल्ला पोचता करायचा. तोवर दोन्ही घरांनी एकमेकांशी बोलायचं नाही, फोनसुद्धा लावायचा नाही, कारण मधे बोलणं झालं की जुनं उकरून निघतं. मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

"मग आता कुठं आहे?"

नामदेवरावांनी सूप बाजूला ठेवलं. "बहिनीकडं. माजलगावच्या तिकडं. दोन वर्सं झाली."

धाकटी बहीण कुसुम. तिच्या लेकीचं लग्न होतं. नवरीला मांडवात मामानं आणायचं, मागं मामानं उभं राहायचं. हे आपल्याकडंही तसंच. नामदेवराव भाचीचा हात धरून मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले, आणि तेवढ्यात पुढाऱ्याची गाडी आली. माइक घेतलेला माणूस पुढाऱ्याच्या स्वागताला लागला. मग त्याच्यासोबतच्यांचं स्वागत झालं, मग सरपंच, माजी सरपंच, चेअरमन. मुहूर्त टळून गेला. भाची उन्हात, मामा उन्हात. शेवटी दाजींनी, म्हणजे कुसुमताईंच्या नवऱ्यानं, घाईघाईत येऊन पुढाऱ्यालाच नवरीमागं उभं केलं, फोटोसाठी.

"मी हात सोडला पोरीचा," नामदेवराव म्हणाले. "आन निघून आलो. जीपभर मानसं आनली होती, सगळी उपाशी परत. भाचीनं मागं वळून बघितलं, ते मला दिसलं. तरी आलो." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "लई वंगाळ केलं मी."

चार महिन्यांनी त्यांनी बिल्ला पाठवला. नेणारा सांगत आला, कुसुम पाणी प्याली.

"मग झालं की!"

"काय झालं? पानी प्याली पर बिल्ला घेऊन आली न्हाई. आज येईल, उद्या येईल. दोन भाऊबीजा गेल्या. म्हंजे तिच्या मनातून गेलं न्हाई अजून."

मी माझा मतलब पुढं केला. पदक मला विकत हवं होतं. नामदेवरावांनी मान हलवली. विकायचं नाही, पण मिळालं तर तसंच घेऊन जा म्हणाले. "आता कोन वापरतंय? आन माझ्याच्यानं बघवायचं न्हाई त्याच्याकडं. तुमी जावा, आना, तुमचा. सबूत पायजे तर सरूला इचारा, मी शब्द फिरवीत न्हाई."

सरूबाईंनी आतून सांगितलं, "त्याच पायी तर सगळं झालंय."

जेवताना येसर आमटी होती. भाजक्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ, झणझणीत. कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याला मी आजवर तोड मानली नव्हती, पण येसर भुरकताना माझ्या नाकातून पाणी आलं आणि मला जरा नम्र वाटलं. निघताना सरूबाईंनी वाटेत खायला धपाट्यांचं फडकं बांधून दिलं.

मी किती आनंदात होते ते कबूल करते. बहीणभावाच्या दुःखाबद्दल मला वाईट वाटत होतंच, पण गाडी चालवताना मी शीळ घालत होते. अकरा वर्षांनी पदक साठ-पासष्ट किलोमीटरवर आलं होतं आणि ते फुकट मिळणार होतं.

धारूरचा घाट ओलांडून

घाट उतरल्यावर मुलूख एकदम बदलतो. वर तुरीच्या काटक्या आणि पांढरी माती, खाली धरणाच्या पाण्यावर दोन्ही बाजूंनी ऊस. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या इतक्या की मी त्यांच्यामागून चालले होते की त्यांच्यातून, तेच कळेना. एका ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसानं माझा उजवीकडचा आरसा हिसकावून नेला. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नाही. मी अर्धा किलोमीटर हॉर्न वाजवत त्याचा पाठलाग केला. त्यानं गाणं बंद केलं, हात जोडले आणि ट्रॉलीतून चार ऊस काढून माझ्या मागच्या सीटवर टाकले. आरसा मिळाला नाही, पण भांडायची सोयही त्यानं ठेवली नाही.

कुसुमताईंचं घर उसाच्या मधोमध, नवं, गुलाबी रंगाचं. त्या अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू, बोलण्यात धार. दाजी खाटेवर बसले होते. मी केजकडून आले असं म्हणताच कुसुमताईंचे हात थांबले.

"आन्नानं पाठिवलं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "बिल्ला न्यायला."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, बिल्ला आणून माझ्या हातावर आपटतील आणि मी घाटाकडं सुसाट सुटेन. त्या आल्या त्या रिकाम्या हातानं.

"बिल्ला न्यायला," त्या म्हणाल्या. "फकस्त बिल्ला?"

मी पर्सचा पट्टा नीट केला.

"त्याला सांगा, मी त्याच दिवशी पानी प्याले. घटाघटा प्याले. नेनारा अंगनात असतानाच मी पिशवी भरली. दोन लुगडी, वहिनीला हिरव्या बांगड्या. आता आन्ना न्यायला यील, न्हाई तर कुनाला तरी धाडील. ती पिशवी अजून तशीच हाय."

"पण बिल्ला तुम्हीच घेऊन जायचा असतो ना?"

"कशी जाऊ?" त्यांचा आवाज चढला. "मुराळी आल्याबिगर लेक माहेराला जाती का? आपल्या पायानं जाऊन दारात उभी ऱ्हाऊ? गाव काय म्हनंल, हिला सासरहून हाकललं? का न बोलावता खायला आली?"

मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला आलेला माहेरचा माणूस. आमच्याकडं आता मुलगी मोबाइलवर "येतेय" म्हणते आणि रिक्षातून उतरते, त्यामुळं तो शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पण तिथं अंगणात उभी असताना मला सगळं लख्ख दिसलं. बिल्ल्याचे नियम बाप्यांनी बाप्यांसाठी केलेले होते. भावकीतला चुलता चुलत्याकडं चालत जाऊ शकतो. लेकीच्या सासरी बिल्ला आजवर गेलाच नव्हता. तिकडं भाऊ नियमानं वाट बघत होता की ही येईल. इकडं ही रिवाजानं वाट बघत होती की तो न्यायला येईल. दोघंही कुणाचं काही मोडत नव्हती, आणि फोन लावायची बंदी. दोन वर्षं! मला आधी हसू आलं आणि मग त्या भरलेल्या पिशवीच्या विचारानं रडू यायला लागलं. मी नाक शिंकरलं, येसरचं निमित्त सांगितलं.

आता काय करायचं? एक मार्ग असा, की परत केजला जाऊन नामदेवरावांना समजवायचं आणि त्यांच्याकडून रीतसर मुराळी पाठवायचा. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण उजवीकडं आरसा नसताना तो घाट आणखी दोनदा चढाउतरायची माझी तयारी नव्हती, आणि पदक आत कुठंतरी दहा पावलांवर होतं.

"तुमचे भाऊ मला म्हणाले, बिल्ला घेऊन या," मी सावकाश म्हणाले. "बिल्ला तुमच्याशिवाय येत नाही. म्हणजे त्यांनी मला तुम्हाला आणायला पाठवलं. असाच अर्थ होतो ना? मी मुराळी आहे."

हे खोटं नव्हतं. खरं होतं, फक्त मापात कापलेलं. माझ्या सगळ्या पदकांवरच्या वकिलांनी हेच केलं असणार.

कुसुमताईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पँट, बूट, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. "मुराळी मोकळ्या हातानं येती व्हय?"

मी पळत गाडीकडं गेले. ऊस दिसला, पण उसाच्या गावात ऊस काय द्यायचा? मग फडकं दिसलं. मी ते त्यांच्या ओटीत ठेवलं. त्यांनी गाठ सोडली, एक धपाटं मोडलं, तुकडा तोंडात टाकला. चावता चावता थांबल्या.

"वहिनीच्या हातचं हाय," त्या म्हणाल्या. "तीळ जास्त घालती. सतरांदा सांगितलं तिला." आणि तोंडावर पदर घेऊन त्या जोरजोरात रडायला लागल्या.

दाजी खाटेवरून उठले. "मी बी येतो," ते म्हणाले. "पाया पडतो त्यांच्या. माझीच चूक हाय सगळी."

"तुमी नगा," कुसुमताई पदराआडून म्हणाल्या. "तुमी आल्यावर कुनी पुढारी आला वाटंत तर?"

दाजी पुन्हा खाटेवर बसले.

परतीच्या वाटेवर

कुसुमताई माझ्या शेजारी बसल्या, पिशवी मांडीवर, रुमालाची पुरचुंडी मुठीत. तेलगावला मी चहाला गाडी थांबवली आणि मला राहवलं नाही. "बघू?"

त्यांनी रुमाल उघडला. मी भिंग काढलं. साध्या बिस्किटाएवढं पदक, काठ कोरा, नकलांच्या काठावर असतो तो टांकसाळीचा शिक्का नाही, म्हणजे अस्सल. वरच्या बाजूला दोरीसाठी पाडलेलं भोक, बरोबर राजाच्या केसांतून. जमवणाऱ्या माणसाला असं भोक म्हणजे छातीत सुरी. शिवाय राजाचं नाक पार झिजलेलं. किती तांब्यांच्या तळाशी ते घासलं गेलं असेल! पण उलट्या बाजूला तीन टोप्या स्वच्छ होत्या, आणि सिंहासनाच्या पायऱ्याही.

मी त्यांना सगळं समजावलं. हे समुद्रापलीकडून आलेले वकील, सहा-सात महिने जहाजानं आले, हे वाकून मुजरा करताहेत, हा बसला आहे तो फ्रान्सचा राजा.

कुसुमताईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "येवढ्या लांबून मानसं आली," त्या म्हणाल्या, "आन ह्यो उठून उभा कावून ऱ्हाईना?"

मी या विषयावरची एवढी पुस्तकं वाचली आहेत. हा प्रश्न कुणालाही पडलेला मी पाहिला नाही. मी उठून चहाचे पैसे दिले.

गावात शिरलो तेव्हा दिवस मावळत होता. कट्ट्यावरच्या मंडळींनी माझ्या गाडीत कोण आहे ते ओळखलं असणार, कारण आमच्या आधी बातमी पोचली होती. नामदेवराव ओसरीवर नव्हतेच. ते रस्त्यावर आले होते, अनवाणी, हातात अजून सूप. गाडी नीट थांबायच्या आधीच त्यांनी दार धरलं.

"आलीस?" ते म्हणाले.

"न्यायला धाडलंस म्हनून आले," कुसुमताई म्हणाल्या.

नामदेवरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान वळवून नसलेल्या आरशाकडं बघू लागले. त्यांना काय कळायचं ते कळलं. "व्हय," ते म्हणाले. "धाडलं. दोन वर्सं उशीर झाला, बाय. चुकलं माझं." आणि ते ढसाढसा रडले. साठीचा माणूस, भर रस्त्यात, कट्ट्यासमोर. कुसुमताईंनी त्यांच्या हातातलं सूप आधी काढून घेतलं, मग त्यांना जवळ घेतलं.

सरूबाईंनी तांब्या आणला. बिल्ला टणकन तळाशी पडला आणि दोघांनी पाणी प्यायलं. मग मलाही दिलं. ते पाणी गार होतं आणि त्याला गुळाची गोडी वगैरे काही नव्हती, पण मी तांब्या संपवला. कुसुमताईंनी भाचीला, म्हणजे आपल्या लेकीला फोन लावून मामाच्या हातात दिला, आणि नामदेवराव फोन कानाला उलटा लावून नुसतेच "व्हय बाळा, व्हय" म्हणत राहिले.

त्यांनी शब्द फिरवला नाही. सगळ्यांसमोर बिल्ला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "तुमचा." मी तो मखमलीच्या डबीत घातला आणि डबी पर्समध्ये, पर्स काखेत. सरूबाईंनी जेवायला बोलावलं तेव्हाही पर्स काखेतच होती.

हुरडा

सकाळी शेतावर हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आरात कोवळी ज्वारीची कणसं, तळहातावर चोळायची, फुंकायची आणि गरम दाणे तोंडात टाकायचे, वर दाण्याची चटणी आणि दही. कुसुमताई वहिनीला तिळाबद्दल बोलत होत्या, वहिनी ऐकत नव्हत्या. मला दुपारपर्यंत निघायचं होतं. मी गाडीची किल्ली हातात घेतली होती.

तेवढ्यात बांधावरून एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप. गावातले शिंपी, दिगंबर.

"बिल्ला आला म्हनं," ते नामदेवरावांना म्हणाले. "मला न्यायचाय. परळीला, थोरल्याकडं."

परळीचे थोरले बंधूही शिंपी, हे सरूबाईंनी मला हळूच सांगितलं. वडील गेल्यावर त्यांच्या जुन्या शिलाई मशीनवरून दोघांचं फाटलं. मशीन दिगंबरनं ठेवून घेतलं. नऊ वर्षं बोलणं नाही.

"माझा न्हाई आता बिल्ला," नामदेवराव म्हणाले. "ताईचा हाय. त्यांना इचार."

सगळे माझ्याकडं वळले. दिगंबरही वळले. त्यांनी दाढी केली होती आणि घाईत कानाखाली कापलं होतं.

मी खोटं लिहीत नाही: मला नाही म्हणायचं होतं. मी मनात शब्दही जुळवले. हे आता ऐतिहासिक वस्तू म्हणून जपायला हवं, पाण्यात घासून झिजतं, तुम्ही दुसरं एखादं चांदीचं नाणं घ्या, बिल्ला काय, कुठलाही चालेल. हे सगळं बोलायला मी तोंड उघडलं.

"निरोप काय आहे?" माझ्या तोंडून आलं.

दिगंबर कुणाकडंच न बघता म्हणाले, "मशीन तूच ठेव. मी आनून देतो. पर ये."

मी डबी उघडली. बिल्ला काढताना मखमलीचा एक धागा त्या भोकात अडकला, तो दातांनी तोडावा लागला. दिगंबरांनी बिल्ला शर्टाच्या खिशात टाकला, खिसा दोनदा दाबून पाहिला आणि ते बांधावरून जवळजवळ पळत गेले.

"मी जायच्या आधी एक ठरवून टाका," मी रागानंच म्हणाले, कारण मला रडू येत होतं आणि त्याचा राग आला होता. "बिल्ला माझा आहे ना? मग माझा एक नियम. लेकीच्या सासरी गेला, तर न्यायला माहेरचा माणूस जाईल. ती चालत येणार नाही."

"ठरलं," नामदेवराव म्हणाले. कुसुमताईंनी माझ्या ओंजळीत हुरड्याचे दाणे ओतले आणि मला खायला लावले.

सातारा

या गोष्टीला काही महिने झाले. पदक माझं आहे. आजवर ते माझ्या घरी आलेलं नाही. परळीहून परत आलं आणि दुसऱ्याच दिवशी वडवणीकडं गेलं. मध्ये एकदा चार दिवस मोकळं होतं, मी बॅग भरली, तर एका सासऱ्याला जावयाकडं पाठवायचं निघालं. माझ्या जमवणाऱ्या मित्रांना हे पटत नाही. एकानं तर पदकाची झीज ग्रॅममध्ये काढून मला दाखवली. मी त्याला सुशीला करून खायला घातला.

मात्र नामदेवराव प्रत्येक वेळी मला विचारतात. परवा मी भाजी चिरत होते, तेव्हा फोन आला.

"ताई, बिल्ला आलाय. आता शेजारच्या बाबूला पायजे. धारूरला दिलेली लेक हाय त्याची, चार वर्सं आली न्हाई. त्यानंच तोडून बोलल्यालं. देऊ का?"

"निरोप?"

"म्हनला, तुझी खोली अजून कुनाला दिली न्हाई."

मी सुरी खाली ठेवली. "आणि न्यायला कोण जाणार?"

"नियम ठावं हाय मला," नामदेवराव म्हणाले. "मीच जातोय, मुराळी म्हनून. गाडी सांगून ठेवलीया. सरू धपाटी करायलीय."

"मग द्या," मी म्हणाले.